उंबऱ्याआतले भजन

माणसाला वडिलार्जित काय काय मिळाले याची यादी सरकारी दप्तरात नीट लिहिलेली असते. शेत कुठल्या गटातले, किती गुंठे, कुणाच्या नावे, सगळे सातबाऱ्यावर सापडते. पण वडिलार्जित म्हणून जे खरोखर अंगात मुरते त्याची नोंद कुठल्याच तलाठ्याकडे होत नाही. आजोबांचा तापटपणा, आजीच्या हाताची चव, बोलताना मान कलती करण्याची लकब आणि एखाद्या विवक्षित चालीवर डोळे भरून येण्याची सवय, या गोष्टी बिनाफेरफाराच्या एका पिढीकडून दुसरीकडे जातात. माझ्या वाट्याला भातशेती आली नाही. आमच्या भागात बहिणी हक्कसोडपत्रावर सही करून मोकळ्या होतात आणि भाऊबीजेला भावाला ओवाळायला येतात. भजन मात्र आले. तेही सरळ वाटेने आले नाही, आणि म्हणूनच ते माझे आहे की नाही, हा प्रश्न मला आयुष्यभर पुरला आहे.

माझे माहेर शहापूर तालुक्यातले आणि सासर मुरबाड तालुक्यातले. मध्ये किन्हवली, सरळगाव अशी एसटीची वाट. माहेरी माहुलीचे सुळके दिसतात, सासरी सह्याद्रीची सरळ उभी भिंत. बाकी दोन्हीकडे सारखेच: भात, नाचणी, उन्हाळ्यात पाण्याची वणवण (मुंबईला पाणी पाजणारी तानसा, भातसा ही धरणे शहापुरातलीच, पण तो विषय निराळा) आणि कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटेचा काकडा. आषाढीला आमचा माणूस पंढरपूरला फारसा जात नाही. त्या दिवसांत तो गुडघाभर चिखलात आवणी करीत असतो. विठोबा थांबतो, रोप थांबत नाही. आमची वारी खरी ती पुढे, भात खळ्यावरून घरात आल्यावर. मग दिंड्या माळशेजचा घाट चढून जुन्नरकडून आळंदीला निघतात.

माहेरच्या ओटीवर दर एकादशीला भजन असे. गावात वीज आली होती, पण ती रात्री हमखास जाई, म्हणून खांबाला कंदील टांगलेलाच राही. आधी गजर, मग रूपाचे अभंग, मग गौळणी. मध्यरात्र उलटली की कुणीतरी करुणेचा अभंग काढी, आणि टाळांचा आवाज आपोआप खाली येई. बाबा पखवाज वाजवीत. पखवाजाच्या उजव्या तोंडावर शाई कायमची असते. डाव्या तोंडाला धूम म्हणतात, आणि तिला दर वेळी ओली कणीक थापावी लागते. आमच्या भाताच्या मुलखात गव्हाचे पीठ रेशनवरचे, तेही मोजके, पण धुमेसाठी मूठभर बाजूला काढलेले असेच. ती कणीक मळून द्यायचे काम माझे. कणीक सैल पडली तर नाद बसतो, घट्ट झाली तर ठणठणतो. मी आत बसून पहिल्या दोन थापांतच ओळखी की आज नीट जमली आहे की नाही. मी आत म्हणाले, कारण गोळा उंबऱ्यावर ठेवून मागे फिरायचे अशी रीत होती. बाई भजनात बसत नसे. माजघराच्या दाराआड आई, आजी, काकू आणि आम्ही मुली. आमचे ओठ हलत, आवाज फुटत नसे. त्या ओटीवरचे दोनअडीचशे अभंग मला चालींसकट पाठ झाले ते असे, दाराआडून.

आजीला याचे काही वाटत नसे, कारण तिचा विठोबाच वेगळा होता. तो जात्यावर येई. ओटीवरचा विठोबा विटेवर उभा, निर्गुणाच्या जवळ पोचलेला. आजीच्या ओवीतला विठोबा भावासारखा माहेरी न्यायला येणारा, रुक्मिणी रुसली की गोंधळून जाणारा. एका घरात दोन देव नांदत होते आणि त्यांची फारशी ओळख नव्हती. गावात पिठाची गिरणी आली आणि आजीची ओवी थांबली. मी कधी आग्रह केला तर ती म्हणे, "अगं, नुसती कशी म्हणू? हाताला जातं लागतं." तेव्हा मला तो बहाणा वाटे. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या टिपून घेतल्या हे वाचले, तेव्हा पहिला विचार मनात आला तो हाच, की जातेच थांबल्यावर गळ्यात अडकून राहिलेल्या आणखी किती असतील.

आता प्रश्नाकडे येते. ज्या गाण्यावर आपण जीव टाकतो ते केवळ त्या घरात जन्मलो म्हणून आवडत असेल, तर त्या आवडीला किंमत किती? शाळेतल्या एका सहकाऱ्याने मला हे जरा टोचूनच विचारले होते. तुम्ही दुसऱ्या देशात, दुसऱ्या धर्मात जन्मला असता तर याच डोळ्यांतून दुसऱ्याच गाण्यासाठी पाणी आले असते. मग विठोबाचे त्यात काय राहिले?

बोलणे बिनतोड वाटते. आणि उदाहरणेही आहेत. महालिया जॅक्सन ही नीग्रो गायिका १९११ साली अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला जन्मली. वडील न्हावीकाम करीत आणि देवळात प्रवचन देत. घराशेजारी एका दुसऱ्या पंथाचे देऊळ होते. तिथले लोक ढोल वाजवीत, पाय आपटीत, टाळ्या पिटीत गात. पोरीने स्वतःच्या देवळातली स्तोत्रे उचलली आणि शेजारच्या देवळातली लय उचलली. शिकागोला आल्यावर तिच्या त्या गाण्याने, ज्याला तिकडे गॉस्पेल म्हणजे शुभवर्तमानाचे गाणे म्हणतात, जग जिंकले. ब्लूज गाण्यासाठी मिळणारा पैसा तिने नाकारला. तिचे ध्वनिमुद्रण मी प्रथम ऐकले तेव्हा शब्द निम्मे कळले नाहीत. पण ती एक ओळ धरून तीच तीच फिरवते, दर खेपेला थोडी वर चढवते, मागचे लोक ती झेलतात, पुन्हा तिच्याकडे देतात. हे सगळे मला ओटीवरचे वाटले. आमच्याकडे एकाने ध्रुपद टाकायचे आणि टाळकऱ्यांनी ते उचलून धरायचे, तेच हे. मी तिथे जन्मले असते तर नक्कीच तिच्या मागे टाळ्या वाजवीत उभी राहिले असते. सहकाऱ्याचे म्हणणे खरे ठरले.

पण खरे ठरले म्हणजे काय ठरले? मी मराठी बोलते तेही जन्माच्या अपघातानेच. म्हणून मराठीत बोललेले खरे बोलणे खोटे ठरत नाही, आणि मराठीत बोललेले खोटे खरे होत नाही. घराने दिलेले भजन हे शेतासारखे नसते, भाषेसारखे असते. शेत एकाला मिळाले की दुसऱ्याचे कमी होते. भाषा अशी वाटली जात नाही. आणि मुख्य म्हणजे, आपल्याला मिळालेल्या भाषेत आपण ती देणाऱ्यालाच "नाही" म्हणू शकतो.

हे "नाही" किती तऱ्हांनी म्हणता येते ते नारायण वामन टिळकांकडे पाहावे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी १८६१ साली जन्मलेला हा चित्पावन कवी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती झाला. लक्ष्मीबाईंवर आणि साऱ्या नातलगांवर तेव्हा काय कोसळले ते 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या घरांना मी सांगायला नको. मिशनऱ्यांनी मराठीत आणलेली पुष्कळशी स्तोत्रे इंग्रजी सुरावटीवर बसवलेली होती. मराठी शब्दांना तो अंगरखा तंग होई, आघात भलत्याच अक्षरावर पडे. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणले, ओवीत आणले, कीर्तनाच्या आख्यानात उभे केले. तुकारामानेच आपल्याला ख्रिस्तापर्यंत पोचवले असे ते मानीत. घर सोडले, जात सोडली, देव सोडला, चाल सोडली नाही. आजही मराठी ख्रिस्ती उपासनेत टिळकांची पदे पेटी-तबल्यावर गायिली जातात, आणि दाराबाहेरून कुणी ऐकले तर चार ओळी होईपर्यंत आत कोणाचे भजन चालले आहे ते कळायचे नाही.

असाच एक माणूस आमच्या गावात होता, आणि टिळकांपेक्षा तो मला जवळचा. गावाच्या खालच्या अंगाला बौद्धवाडा. तिथल्या या म्हाताऱ्याचा गळा तरुणपणी पंचक्रोशीत नावाजलेला होता. माझ्या आजोबांच्या काळी तो भजनाला येई, म्हणजे अंगणाच्या कडेला उभा राहून साथ करी. ओटीवर नव्हे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्म स्वीकारला, मग आमच्याकडच्या वाड्यांनीही स्वीकारला, आणि तो अंगणात येईनासा झाला. टाळ ठेवले, खंजिरी घेतली. दर वर्षी १४ एप्रिलला तो भीमगीते गाई. मी आठ-नऊ वर्षांची असताना ती ऐकायला चोरून गेले होते आणि थबकलेच. चाल आमच्या ओटीवरची होती. तीच वळणे, त्याच जागा. फक्त ज्याच्या नावाने हाक मारायची तो बदलला होता.

त्या वाड्यावरचे कुणी आमच्याकडे आले तर चहाची कपबशी वेगळी, वळचणीला ठेवलेली. आणि ओटीवर चोखोबाचा अभंग सुरू झाला की बाबांच्या डोळ्यांना धार लागे, हात पखवाजावर आणि डोळे मिटलेले. मी एकदा विचारले, "बाबा, चोखोबासाठी तुम्ही रडता, मग ती कपबशी कशाला?" ते रागावले नाहीत. त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. म्हणाले, "अगं, भजन वेगळं नि रीत वेगळी."

सबंध महाराष्ट्राने शेकडो वर्षे या एका वाक्यावर निभावून नेले आहे. इरावतीबाई कर्व्यांनी 'वाटचाल' या लेखात दिंडीतले ब्राह्मण आणि मराठे अभंग एकत्र म्हणतात आणि जेवायला वेगळे बसतात हे नोंदवले, तेव्हा त्यांनाही हेच वाक्य चालताना दिसले होते. चोखोबाचे सारे घर गाणारे: बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा. मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीखाली चोखोबा सापडला, नामदेवांनी त्याच्या अस्थी आणल्या, अशी परंपरा सांगते. समाधी झाली ती महाद्वाराबाहेर. ज्याचे अभंग आत गायिले गेले त्याच्या लोकांना आत पाऊल ठेवायला १९४७ साल उजाडावे लागले. साने गुरुजी त्यासाठी आधी गावोगाव हिंडले आणि मग १ मेपासून दहा दिवस उपाशी बसले.

बाबांच्या वाक्याला मात्र एक धक्का बसला. मी बारा-तेरा वर्षांची असेन. गावात हरिनाम सप्ताह होता. वीणा सात दिवस खाली ठेवायची नाही, रात्रीचे पहारे वाटून दिलेले, शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन. काला म्हणजे दहीपोह्यांचा प्रसाद, आणि तो एकमेकांच्या मुखात घालायचा असतो. ज्याने हा विधी बसवला त्याला रीतच मोडायची होती, यात मला शंका नाही. त्या वर्षी काही तरुणांनी हट्ट धरला की काल्याला वाड्यावरच्या माणसांनाही बोलवायचे. बरीच वादावादी झाली आणि बोलावणे गेले. तो म्हातारा आला. कीर्तन संपेपर्यंत ऐकत उभा राहिला. काला फुटला आणि कुणी काही ठरवण्याच्या आत आमची आजी वाटी घेऊन त्याच्यापुढे गेली. सगळ्यांचे डोळे तिकडे.

तो म्हणाला, "नको बाय. तुझ्यावर राग नाही. पण मी शपथ घेतलीय." मग बाबांकडे वळून म्हणाला, "पखवाज आज घाईत होता तुमचा. तुमचा बाप इतका पळवीत नसे." आणि गेला.

ज्यांना बोलावले त्यांनी यावेच, आणि आल्यावर कृतार्थ व्हावे, असे बोलावणाऱ्याला नेहमी वाटते. दार उघडायला इतका काळ लावला, तोवर दाराशी उभा असलेला माणूस दुसऱ्या घरी राहायला गेला, याचा हिशेब त्या दिवशी कुणापाशीच नव्हता. बाविसांपैकी पहिल्या दोन प्रतिज्ञांतच ब्रह्मा, विष्णू, महेश, राम, कृष्ण यांना मानणार नाही असे त्याने म्हटलेले होते. काला कृष्णाचा. त्याने तो घेतला असता तर आम्हाला बरे वाटले असते, आणि तो खोटा पडला असता. पण लय चुकली हे मात्र त्याने सांगितले. तो हक्क त्याने धर्माबरोबर सोडलेला नव्हता. बाबा त्या रात्री जेवले नाहीत. कपबशी पुढे दिसेनाशी झाली. ती कुणी काढली ते मला ठाऊक नाही आणि मी विचारले नाही.

त्या दिवसापासून मला सहकाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर अर्धे मिळालेले आहे असे वाटते. घराने दिलेले भजन नुसते सवयीचे असते तोवर ते घराचे. त्यातल्या एखाद्या अभंगाचे बोट आपल्याच ओटीकडे रोखलेले आहे हे दिसले, आणि तरी तो म्हणावासा वाटला, की ते आपले होऊ लागते. संतांनी नुसती स्तुती मागे ठेवलेली नाही. भांडण ठेवले आहे, देवाशी आणि देवाच्या माणसांशीही. आपण वारसा सांगताना स्तुतीचा सांगतो, भांडणाचा सांगत नाही.

उरलेले अर्धे कठीण आहे. देव आहे की नाही याची मला खात्री नाही. असे असताना मी भजन म्हणावे का? सश्रद्ध माणूस म्हणतो, हे ढोंग. अश्रद्ध म्हणतो, ही दुर्बलता. मला दोघांचेही म्हणणे घाईचे वाटते. अभंगाच्या अखेरीस कवीचे नाव येते: तुका म्हणे, चोखा म्हणे. गाणारा आपले नाव तिथे घालीत नाही. तो साक्ष देतो ती दुसऱ्याची, नाव घेऊन, आपल्या गळ्यातून. तुकोबाला काय दिसले ते मला दिसलेले नाही, पण तुकोबाला ते दिसले होते हे मी खात्रीने म्हणू शकते. सोयराबाई तर मुद्रेत स्वतःचे नाव न घालता स्वतःला चोख्याची महारी म्हणवते. तिचा अभंग म्हणताना मी जिचे नाव घेते तिने स्वतःचे नावसुद्धा मागितलेले नाही. इथे माझ्या श्रद्धा-अश्रद्धेचा तोरा मिरवायला जागा कुठे आहे?

तिकडच्या थॉमस डॉर्सीचेही असेच काही आहे. धर्मोपदेशकाचा मुलगा, पण पोटासाठी ब्लूजच्या बैठकीत पियानो वाजवणारा. १९३२ साली बाळंतपणात त्याची बायको गेली आणि पाठोपाठ मूलही. त्या दुःखातून त्याने देवाला हात धरण्याची विनवणी करणारे जे गाणे केले ते पुढे घराघरांत गेले, आणि १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्यविधीला महालिया जॅक्सनने तेच म्हटले. डॉर्सीची गाणी देवळांनी आरंभी आत घेतली नव्हती. बैठकीचा वास येतो म्हणून. कुठल्या दारातून कुठले गाणे आत येईल याचा अंदाज पुजाऱ्यांना कुठल्याच देशात लागलेला दिसत नाही.

आता गावोगाव बायकांची भजनी मंडळे झाली आहेत. एका रंगाच्या साड्या नेसून स्पर्धेला जातात, आणि त्याला काही जण नाके मुरडतात. मला ते आवडते. दाराआड बसून ओठ हलवण्यापेक्षा हिरव्या साडीत बेसूर गाणे कितीतरी बरे. सासरच्या गावी काकड्याला मी वीणा घेऊन उभी राहते तेव्हा सासूबाई पहिल्या रांगेत टाळ धरतात. वयाच्या साठीपर्यंत त्यांनी टाळाला हात लावलेला नव्हता. माझी मुलगी पखवाज शिकते. तिचा डावा हात अजून कच्चा आहे आणि कणीक मळण्याचे काम तिने धाकट्या भावावर ढकलले आहे.

बाबा गेल्यावर त्यांची अभंगांची वही माझ्याकडे आली. तिच्यावर भावांनी हक्क सांगितला नाही. कडा तेलकट झालेल्या, शाई पावसाळ्यांनी फुटलेली, काही अक्षर आजोबांचे. चोखोबाचे अभंग तीत बरेच आहेत. सोयराबाईचा एक. कर्ममेळ्याचा, ज्याचा राग त्या साऱ्या घरात सर्वांत उघडा, एकही नाही. मागच्या कार्तिकात मी त्याचे दोन अभंग मोकळ्या राहिलेल्या पानांवर उतरवून घेतले. चाल मात्र अजून बसलेली नाही. बाबांच्या चालीत ते बसत नाहीत, फार गोड होतात.